कानबाईचा ओटा

प्लेगचं साल सरलं तरी बमरोलीच्या गल्लीतली गटार कागदावरच वाहत होती. पालिका म्हणे, मिलवाल्यांनी पाइप आणावेत, मग खोदू. मिलवाले म्हणत, आधी खोदा, मग पाइप. या ‘आधी तू’च्या खेळात दर पावसाळ्यात घाण पाणी घराघरांत शिरायचं. मागच्या पावसाळ्यात सुंदराचा गजेंद्र जुलाबांनी गेला. कमावता, लग्नाचा पोरगा!

त्यानंतर सुंदरा गटारीसाठी नेमलेल्या समितीत जाऊन बसली. एका बाजूला पालिकेचे इंजिनिअर देसाई, दुसऱ्या बाजूला मिलवाल्यांचे मॅनेजर भूपेंद्रभाई. दोघं एकमेकांचा चहासुद्धा पीत नसत. सुंदरानं दोघांना हात धरून गल्लीच्या चिखलातून फिरवलं, तेव्हा कुठे ठरलं, की खोदाई आणि पाइप एकाच दिवशी. लोकांनी मात्र वाटेतले ओटे आपणहून पाडायचे.

खोदाईसाठी आखलेली चुन्याची रेघ सुंदराच्याच ओट्यावरून गेली. गजेंद्रनं सुट्टीच्या दिवशी फुटक्या फरश्या जमवून तो बांधला होता. श्रावणात कानबाई देवीची मिरवणूक निघाली, की तिचा चौरंग घडीभर टेकायला.

सुंदराचा चेहरा भूपेंद्रभाईंनी पाहिला. “चिंता ना करो, सुंदराबेन. लाइन जरा बाजूनं काढू.”

देसाईंनीही मान डोलावली. दोघांचं या वेळी चटकन एकमत झालं, तेही नको तिथं.

सुंदराला मोह झाला. का होऊ नये? लेकाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पण समोर चंपाबाई आपल्या ओट्यापाशी कुदळ धरून उभी होती, कान इकडेच. सुंदराचा ओटा वाचला, तर तीही आपला पाडणार नव्हती.

“नई भाऊ,” सुंदरा म्हणाली. “मना ओटा ऱ्हायना ते बठ्ठास्ना ऱ्हातीन. पह्यले मनाच फोडा.”

तिनं ओट्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, कानबाईची माफी मागितली. तिच्या नवऱ्यानं, भिकननं, पहार उचलली, पण ती त्याच्यानं ओट्यावर घालवेना. देसाईंनी ती हळूच काढून घेतली आणि स्वतः घाव घातले. भूपेंद्रभाईंनी चपला काढल्या आणि निघालेली एकेक फरशी उचलून दाराशी नीट रचली.

श्रावणात पाऊस कोसळला. गल्लीत पाणी साचलं नाही. सगळे आनंदले. सुंदरा दारात उभी राहून खालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत होती.

“गटार एक साल पह्यले व्हयी जाती, ते मना गजू ऱ्हाता,” ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

कानबाईच्या प्रसादाचे रोट झाले. सुंदरानं दोन वाटे बाजूला काढले, एक देसाईंचा, एक भूपेंद्रभाईंचा. भिकन दचकला. कानबाईचा रोट भाऊबंदांपलीकडे जात नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

“अवं, रोट भाऊबंदस्नाच ऱ्हास ना?”

सुंदरानं वर पाहिलं. “मंग गजूना ओटा फोडाले कोन उनथात?”

ओटा फोडायला आलेले ते दोघं भिकनला आठवले. वाटे बांधायला तो धुतलेलं फडकं शोधू लागला.