बाकाची दोन टोके

मी एक जुना सागवानी बाक आहे. नांदेडकडच्या एका कोर्टाच्या व्हरांड्यात माझी जागा. मित्रांनो, न्यायाधीश आत बसतात, पण बाहेर सगळ्यात जास्त माणसे बसतात ती माझ्यावर, आणि याचा मला भारी तोरा आहे.

सुताराने मला इतका भक्कम केला की पक्षकारांच्या दोन पिढ्या बसल्या तरी मी कधी कुरकुरलो नाही. कुरकुरायची ती माणसे. खटले ढीगभर आणि न्यायाधीश एकच! सकाळी यायचे, पुढची तारीख घ्यायची आणि एसटी गाठायची, एवढेच त्यांच्या हाती.

नायगावकडच्या नागाबाई त्यातल्याच. त्यांच्या शेताची वाट शेजारच्या शिवलिंगअप्पांनी काटे टाकून बंद केली होती. बैलगाडी जाईना, म्हणून शेत पडीक. नागाबाईंनी दावा लावला. तेव्हापासून दोघे माझ्या दोन टोकांना बसत आणि एकमेकांकडे बघतही नसत. नागाबाईंचे केस इथेच बसून पांढरे झाले.

मग आमच्या कोर्टाला आणखी दोन न्यायाधीश मिळाले. अडगळीच्या दोन खोल्या झाडून तिथे न्यायाधीशांच्या नव्या खुर्च्या मांडल्या गेल्या. पहिल्याच दिवशी नागाबाई, आजही तारीखच पडणार असे धरून, बसस्टँडकडे निघाल्या आणि नेमका त्यांच्या नावाचा पुकारा झाला! माझा जीव टांगणीला लागला. त्या हजर नसत्या तर दावा काढून टाकला गेला असता, आणि मला तर तोंड नाही.

शिवलिंगअप्पा नुसते गप्प बसले असते तरी जिंकले असते. पण ते उठले आणि धोतर सावरत फाटकाकडे पळाले.

“अक्का! ओ नागाअक्का! माघारी फिरा, पुकारा होऊन राहिलाय तुमचा!”

नागाबाई धापा टाकत परत आल्या. “मी न्हाई आले तर तुम्हीच जिंकता की, अप्पा!”

“हाव. पन तसं जिंकून गावात कसं फिरू? लई बसलो या बाकावर. काय व्हायचं ते आत होऊ द्या.”

नागाबाईंची साक्ष त्याच दिवशी झाली. थोड्याच महिन्यांत निकाल लागला, वाट मोकळी झाली. अप्पा हरले. व्हरांड्यात येऊन म्हणाले, “काटे मीच काढतो, अक्का.” त्या दिवशी दोघांपैकी कुणीही माझ्यावर टेकले नाही.

हल्ली मी बराच रिकामा असतो. वाईट वाटते का? छे! मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मोठे व्हाल तेव्हा आतली खुर्ची रिकामी राहू देऊ नका. नाहीतर आणखी एखाद्या नागाबाईचे केस इथेच पांढरे होतील.