उरणची ब्रँच

"ती ब्रँच पुसू नकोस, गुरुदत्त!" शशिकलाताई खुर्चीतून उठल्याच.

गुरुदत्तचा हात कीबोर्डवर थांबला. "ताई, उरणचं मर्ज झालंय सगळं. मी स्वतः केलंय. दोन वर्षांपूर्वीची ब्रँच ठेवून करायचं काय?"

पनवेलच्या टपाल नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर पाच माणसांचं ते ऑफिस. पेशंटची नोंद ठेवायचा प्रोग्राम ते दवाखान्यांना बनवून देत. प्रत्येक दवाखान्याची मागणी निराळी, म्हणून सर्व्हरवर प्रोग्रामची एक मुख्य प्रत आणि तिच्यापासून फुटलेल्या सहा ब्रँचेस असत. एखाद्या ब्रँचमधला चांगला बदल मुख्य प्रतीत आणला, की मर्ज झालं म्हणायचं. शशिकलाताई खरं तर टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. पण कोणता बदल कुणासाठी केला, हे प्रोग्राम लिहिणारी पोरं विसरत आणि ताईंच्या लक्षात राही. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालापर्यंत ब्रँचेसचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्या सुनेच्या हाताखाली सहा ब्रँचेस आहेत!" ताईंनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

"जन्मतारीख," ताई म्हणाल्या. "उरणला ती रिकामी सोडता येते, अंदाजे वय चालतं. तुझ्या मुख्य प्रतीत चालत नाही."

"तो बदल मी मुद्दाम सोडला. जन्मतारखेशिवाय रेकॉर्ड म्हणजे अर्धवट रेकॉर्ड."

"तू तिकडे गेला नाहीस. मशीन बसवलं त्या दिवशी मी गेले होते. एक कोळीण खोकत उभी होती, आणि मशीन तारीख मागत होतं. ती म्हणाली, 'माज्या आयशीला ठाव व्हती, ती गेली. आता मी कुटून आनू?' कंपाउंडरने तिला दाखला आणायला परत पाठवलं. मी तिथेच होते, गुरुदत्त. काही बोलले नाही. परत येऊन उरणसाठी हा बदल करून घेतला."

सोमवारी नवा प्रोग्राम सहाही दवाखान्यांत जायचा होता. गुरुदत्त उठला आणि त्याने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा. तुम्हीच आणा तो बदल."

काम सरळ नव्हतं. त्याच ओळी दोन्हीकडे बदललेल्या, त्यामुळे मशीनने दोन्ही मजकूर एकाखाली एक पुढ्यात टाकले. ताई चष्मा पुसून एकेक ओळ बोट ठेवून वाचत होत्या, कोणती ठेवायची ते ठरवत होत्या. अडलं तिथे गुरुदत्तला विचारत होत्या. दोघांचेही चहा गार झाले. शेवटी बदलाची नोंद करताना स्क्रीनवर गुरुदत्तचंच नाव उमटलं. ताईंचं खातंच नव्हतं सर्व्हरवर! इतकी वर्षं त्या पोरांच्या नावाने काम करत होत्या आणि गुरुदत्तच्या ते आज लक्षात आलं. त्याने त्यांच्या नावाचं खातं उघडलं आणि नोंद पुन्हा करायला लावली.

सोमवारी सकाळी सहांपैकी एका, गव्हाणच्या दवाखान्यातून नर्स माधुरीचा फोन आला. "ताई, जन्मतारखेशिवाय पहिलं कार्ड निघालं हां! सोनाबाईंचं."

मागून खणखणीत आवाज आला, "माजं वय काय लिवलंस गो?"

"अंदाजे सत्तर, आजी."

"सत्तर? नाय गो! येवडी म्हातारी नाय मी. पासष्ट कर."

"काय करू ताई?" माधुरीने हसत विचारलं.

"त्या सांगतायत ते लिही."

ताईंनी रिसीव्हर लगेच ठेवला नाही. पलीकडे दोन आकडे दाबल्याचा आवाज येईपर्यंत त्या तो कानाशी धरून उभ्या राहिल्या.