साहेबाचा शब्द

भूमच्या पेठेत महांतप्पांची एक रीत होती. करडई विकायला आलेल्याला ते भाव नंतर विचारायचे, आधी म्हणायचे, "खोट सांगा." खोट नाहीच म्हणणाऱ्याची गाडी तशीच माघारी जायची; सांगणाऱ्याला ते म्हणायचे, "उतरवा माल."

लेकीच्या, शिवकांताच्या, स्थळाच्या वेळी मात्र ही रीत कुठं गेली कोण जाणे. निजामी हद्दीपलीकडच्या बार्शीहून धुळाप्पा येऊन सांगून गेले, "पुतण्या गिरणीत कारकून हाय. गोरा साहेब त्याला नाईस म्हणतो, नाईस!"

महांतप्पांनी भारावल्यागत मान डोलावली आणि पाव्हण्याची पाठ वळताच हिंमतराव मास्तरांचं दार गाठलं. मास्तर शाळेत उर्दू शिकवायचे, इंग्रजी हौसेनं वाचायचे. त्यांनी जाडजूड कोश उघडला.

"हल्ली अर्थ छान, चांगला."

"हल्ली? आन् आधी?"

"आधी नाजूक. त्याच्याआधी चोखंदळ, किरकिऱ्या. आणि मुळात, ल्याटिनात, ज्याला काही ठाऊक न्हाय असा. त्यावरनं खुळा."

"मग साहेब जुना हाय का नवा?"

मास्तर पोट धरून हसले. महांतप्पांना हसू येईना. त्या दिवशी करडईच्या पोत्यावर त्यांनी ज्वारीचा भाव सांगितला. जेवताना मधूनच उठले, ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. नाजूक असला तर सदा आजारी. किरकिऱ्या असला तर लेकीच्या भाकरीला नावं ठेवणार. खुळा असला तर बोलायलाच नको.

"अप्पा, बसा की. सारवण झिजल," शिवकांता म्हणाली.

"तुझ्यापायीच झिजतंय."

धुळाप्पांसोबत त्यांचा पुतण्या शांतलिंग मुलगी बघायला आला. धुळाप्पांनी पुन्हा साहेबाचं नाव काढलं तसं महांतप्पांना राहवेना. "साहेब ऱ्हाऊ द्या. पाव्हणं, तुमची खोट सांगा."

धुळाप्पांना पोह्यांचा ठसका लागला. "अवो, पोरगं हाय, पोतं न्हाय!"

शांतलिंगनं बशी खाली ठेवली. "राग लई येतो. भांडत न्हाय, पर रुसलो की जेवत न्हाय. आन् साहेबाचं म्हणाल, तर तो चहालाबी नाईस म्हणतो, कुत्र्यालाबी."

'उतरवा माल,' हे नेहमीचे शब्द महांतप्पांच्या ओठावर आले. त्यांनी ते गिळले आणि आतल्या दाराकडं बघितलं.

दाराआडून आवाज आला, "अप्पा, इचारा त्यांना. रुसल्यावर भाकरी झाकून ठेवायची का न्हाय?"

शांतलिंग कानापर्यंत लाल झाला. "ठेवायची," तो पुटपुटला. "फकस्त बोलवायचं न्हाय. आपसूक उठतो."

कितीतरी दिवसांनी महांतप्पा भिंतीला टेकून ऐसपैस बसले. "गूळ आणा गं कुणीतरी," त्यांनी आत हाक दिली.