पायऱ्या नसलेला बेत

लेकीने हट्टाने जहाजाच्या सफरीवर धाडलेल्या मास्तरीणबाई केबिनमध्ये नकाशा पसरून बसल्या होत्या. उद्या जहाज दिवसभर बंदरात थांबणार होतं. आधी बाजार, मग बाग, मग संग्रहालय, असा बेत त्यांनी ठरवला आणि जहाजावरच्या गाइड पोरीला सांगितला.

"आजी, दीपगृह कसं सोडलंत? सगळे आधी तिथेच पळतात."

"छे गं! केवढ्या त्या पायऱ्या!"

"गुडघे दुखतात का तुमचे?"

"माझे? माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" बाई फणकारल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. गुडघे ह्यांचे दुखायचे. बाकं कुठे, सावली कुठे, रस्ता सपाट आहे ना, हे बघूनच जन्मभर सहली आखल्या. ह्यांना जाऊन वर्ष उलटलं, तरी खोड गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या इरेला पेटून दीपगृहाच्या पायऱ्या तरातरा चढू लागल्या. निम्म्यावर आल्यावर मात्र कठड्याला धरून थांबल्या.

"दमलात का, आजी?" मागून येणाऱ्या एकाने विचारलं.

"छे हो," त्या बोलून गेल्या, "आमचे हे मागून येतायत."