वचन बदला

मी एक जुना फळा आहे. सागाच्या फळ्या जोडून पेणच्या एका सुताराने मला घडवले, त्याला खूप वर्षे झाली. पण जी गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे ती २०२० सालापासूनची. त्या वर्षी साऱ्या शाळा बंद झाल्या आणि मला मात्र पुन्हा एक शाळा मिळाली. एकाच मुलीची.

मित्रांनो, आधी थोडे मागचे सांगितले पाहिजे. माझे तरुणपण एका खेड्यातल्या शाळेत गेले. मुले कोळसा आणि पाला वाटून मला काळाभोर करीत. माझ्यावर पाढे झाले, कविता झाल्या, कुणाकुणाची नावे चुगलीसाठी लिहिली गेली. मग शाळेत पांढरा गुळगुळीत फळा आला. मला जोहे गावात मालूकाकीच्या गणपतीच्या कारखान्यात नेऊन विटांवर आडवे टाकले. माझ्यावर शाडूचे हात वाळत. मूर्तीला जोडायच्या आधीचे सुटे हात, काही आशीर्वाद देणारे, काही मोदक धरणारे. एकदा गुलाबी रंगाची वाटी माझ्यावर कलंडली. तो डाग माझ्या कोपऱ्यात अजून आहे.

त्या वर्षी मूर्तींना गिऱ्हाईक नव्हते. मालूकाकीने अडगळ काढायला घेतली, तेव्हा रोह्याहून नूतन आणि तिचा नवरा दावीद मला न्यायला आले. दावीद नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करी. काकीचा मुलगा साईराज तिथेच त्याच्या जोडीला होता. त्याच्याकडूनच माझी खबर लागली होती. हे ख्रिस्ती कुटुंब दर रविवारी पेणला उपासनेला येत असे, हे काकीला ठाऊक होते. ती म्हणाली, "बघ गो बाय, ह्याच्यावर गणपतीचं हात वाळलंत. तुमच्यात चालंल ना? नायतर मागनं घरात कुरबुर नको."

नूतन हसली. "हातच ना काकी? शिकवायला हातच लागतात."

मला हे उत्तर फार आवडले होते.

रोह्याच्या घरात मला खिडकीसमोर टांगले. नूतन लग्नाआधी शिक्षिका होती. तिने गुलाबी डागाचा कोपरा सोडून मला नवा रंग दिला आणि मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटने एक उभी रेघ ओढली. डावीकडे वचन, उजवीकडे पाठ. वचन म्हणजे त्यांच्या शास्त्रातले, बायबलातले वाक्य. सकाळी आधी गीत, मग प्रार्थना, मग डावीकडचे वचन पाठ करायचे आणि मगच उजवीकडे गणित, भाषा, भूगोल. समोर सतरंजीवर त्यांची मुलगी सलोमी एकटी बसे. तेव्हा ती तिसरीत जायची होती.

पुढे शाळा उघडल्या. गणवेशातली मुले खिडकीखालून गलका करीत जाऊ लागली. पण नूतनने सलोमीला पाठवले नाही. देवाचे आणि पुस्तकाचे, दोन्ही शिक्षण एकाच घरात, एकाच हाताने द्यावे, असे तिला मनापासून वाटे. ते सोपे नव्हते. एखादे लांबलचक स्तोत्र आले की डावीकडची अक्षरे रेघ ओलांडून उजवीकडे येत आणि बिचारे अपूर्णांक कोपऱ्यात दाटीवाटीने बसत. कधी भूमितीची आकृती डावीकडे सरके, की नूतनचा चेहरा पडे. जणू तिने कुणाची तरी जागा बळकावली. दिवसभर ती त्या रेघेवर तोल सांभाळीत असे.

रविवारी मंडळीतल्या, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या बायका घरी आल्या तर म्हणत, "धन्य गं बाई तुझी." सोमवारी शेजारच्या जनीआजी दारातूनच विचारीत, "पोरगी काय घरात बसून शिकते व्हय गो? लोणचं हाय का ते, बरणीत घालून मुरवायला?" नूतन सगळ्यांनाच हसून उत्तर देई. मग दार लावी आणि मला पुसता पुसता मध्येच थांबे. कपाळ माझ्या लाकडाला टेकवी. आपले बरोबर चालले आहे का, हे विचारायला तिला माणूस नव्हते. शिफ्टहून आलेला दावीद जेवून झोपून जाई. उरलो मी. पण मित्रांनो, फळ्यावर जे लिहावे तेच फळा दाखवतो. त्याला उत्तर कुठून येणार?

जनीआजींची नात समीक्षा सलोमीएवढीच. ती आधी रोज खिडकीखालून हाक मारी, "सलोमीऽऽ, येतंस का खेळायला?"

"पाठ झाला की येईल हं," नूतन सांगे.

पाठ व्हायचा, पण तोवर अंधार पडे. मग समीक्षाने हाक मारणे सोडून दिले. सलोमी माझ्यावरच्या गुलाबी डागाला बोट लावून बसे. त्याला तिने नावही ठेवले होते, 'शेजारीण'. तिच्याशी ती हळू आवाजात बोले.

२०२४ च्या उन्हाळ्यात दावीद एक दिवस म्हणाला, "नूतन, एकदा शाळेत नेऊन तिची चाचणी घेऊ या. सातवीची निघाली तर तू म्हणशील तसं घरीच शिकू दे. नाही निघाली तर मात्र शाळा." नूतनने मान डोलावली. त्या रात्री ती जेवली नाही. इतक्या वर्षांची तिची मेहनत आणि तिचा विश्वास त्या एका कागदाच्या पारड्यात बसणार होता.

चाचणीच्या दिवशी दोघी सकाळी गेल्या आणि दुपारी परतल्या. सलोमी चपला न काढताच आत आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. दावीद घरीच होता.

"काय गं, अवघड होतं का?"

"सगळे हसले," सलोमी म्हणाली.

बाकीचे नूतनने सांगितले. गणितात पोरगी पहिली. भूगोल बिनचूक. मराठीच्या कागदावर प्रश्न होता, 'वचन बदला', आणि खाली शब्द होते, झाड, नदी, घोडा. सलोमीने एकही शब्द सोडवला नव्हता. खाली सुंदर अक्षरात लिहिले होते, 'वचन कधीही बदलू नये. ते बदलणे पाप आहे.' तपासणाऱ्या बाईंना हसू आवरले नाही. त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि चाचणीला आलेली सारी मुले हसली.

"पण तुला झाडाचं झाडे येत नाही?" दावीदने विचारले.

"येतं की! ते 'एक-अनेक'. वचन म्हणजे…" तिने माझ्या डाव्या अर्ध्याकडे बोट दाखवले.

नूतन माझ्यासमोर सतरंजीवर बसली. चूक कुठली ते मला आणि तिलाच ठाऊक होते. व्याकरण शिकवताना 'एकवचन, अनेकवचन' हे शब्द तिने कधी उजवीकडे लिहिलेच नव्हते. वचन हा शब्द देवाचा. त्याला घोड्या-गाढवांच्या रांगेत कशाला बसवायचे? म्हणून भक्तीने तिने तो बाजूला ठेवला आणि 'एक-अनेक' शिकवले. पोरीला सारे येत होते. फक्त जगात त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हते.

थोड्या वेळाने नूतन उठली. खडू घेऊन तिने उजवीकडे मोठ्या अक्षरात लिहिले, 'वचन'. खाली एकवचन, अनेकवचन. झाड, झाडे. नदी, नद्या.

सलोमी वळून बघू लागली. म्हणाली, "आई, मग 'वचन'चं अनेकवचन काय?"

"वचने."

"म्हणजे बदलतं की!"

दावीद खो खो हसला. नूतनही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तेव्हा सलोमी म्हणाली, "आई, ते हसले ना, तेव्हा मला आधी राग आला. पण मग एक मुलगी माझ्याकडे सरकली नि म्हणाली, मी तर घोड्याचं घोडी लिहिलंय. मग आम्ही दोघी हसलो." जरा थांबून ती हळूच म्हणाली, "इथं मी चुकले तर कुणी हसतसुद्धा नाही."

नूतनने ओले फडके घेतले आणि माझी उजवी बाजू स्वच्छ पुसली. डावी तशीच ठेवली. शाळेने सातवीत घ्यायची तयारी दाखवली होती. म्हणजे दावीदच्या बोलाप्रमाणे नूतन जिंकली होती. पण ती म्हणाली, "जाऊ दे तिला."

आता सारे कसे आहेत ते सांगतो. सलोमी त्याच शाळेत शिकते. 'घोडी' लिहिणारी ऋतुजा तिच्या बाकावर असते. समीक्षा पुन्हा खिडकीखालून हाक मारते, आता शाळेसाठी. जनीआजी मागच्या वर्षी गेल्या. शेवटी शेवटी त्या नूतनजवळ येऊन बसत आणि लोणचे मुरले बरे, असे स्वतःच म्हणत. साईराजने कंपनी सोडून आईचा कारखाना हाती घेतला. मालूकाकी बसल्या जागेवरून त्याला हात कसे वाळवायचे ते सांगते. दावीद अजून शिफ्टला जातो. नूतन रविवारी पेणच्या मंडळीतल्या मुलांना शिकवते. बाकीच्या सहा दिवसांच्या दुपारी मात्र तिच्या आणि माझ्याच असतात. खिडकीखाली गलका होतो, ओसरतो आणि घर गप्प होते.

माझी उजवी बाजू तेव्हापासून कोरी आहे. डावीकडे ती अजून दर सोमवारी वचन लिहिते. सलोमी बूट घालता घालता ते वाचते, कधी विसरते. 'शेजारीण' कोपऱ्यात आहे, पण तिच्याशी कुणी बोलत नाही.

मित्रांनो, मला पुसून लखलखीत ठेवा असे मी म्हणणार नाही. मला आता लखलखून काय करायचे आहे? पण संध्याकाळी घरी याल तेव्हा दप्तर टाकून लगेच खेळायला पळू नका. ज्या हाताने तुम्हाला पहिले अक्षर गिरवायला लावले, त्या माणसाजवळ क्षणभर बसा आणि आज आपण कुठे चुकलो ते सांगा. त्यालाही कुणाबरोबर तरी हसायचे असते. सलोमी कधी कधी आपली चूक आईला सांगते. त्या दिवशी नूतन खडू उचलते, उजवीकडे उगाच एक शब्द लिहिते, आणि लगेच पुसून टाकते.