चालू विहीर

"आई, हात दे."

शैलेंद्रने बीपीच्या मशिनचा पट्टा उलगडला, तसे हौसाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"हात काय बाजारात मांडलाय व्हय? ठेव तुझं ते डबडं आत."

"पाच मिनिटं नुसतं गप बसायचंय."

"गप बसायला मी मेलेय का?"

शनिवारची सकाळ होती. आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या मुलाच्या घरी येऊन हौसाबाईंना आठ महिने झाले होते. गावच्या बंद घराची किल्ली कनवटीला होती आणि वीस तारखेचं परतीचं तिकीट देव्हाऱ्यात, अंबाबाईच्या फोटोमागे. पण परवा नळाशी त्यांचा तोल गेला, आणि शैलेंद्रने अट घातली: डॉक्टर बरं म्हणतील तरच विमान. तेव्हापासून त्यांनी मशिनचा पट्टा हाताला लावू दिला नव्हता. सून अनुपमा समजावून थकली. नात शुभ्रा "आजी, इट डझन्ट हर्ट!" म्हणत स्वतःच्या हाताला पट्टा बांधून दाखवून गेली. हौसाबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण आकडा एकदा फुटला की पोरगा किल्ली काढून घेणार, एवढं गणित त्यांना येत होतं.

"तेलाच्या विहिरींचं प्रेशर मोजतोस म्हणून भावकीत मिरवत फिरले मी," त्यांनी विषय वळवला. "ती विहीर तरी बसती का गप तुझ्यापुढं?"

शैलेंद्र हसला. "तीच तर भानगड आहे. नीट मोजायचं तर विहीर काही दिवस बंद ठेवावी लागते. कंपनी बंद करू देत नाही. यल्ला यल्ला, लवकर तेल काढा."

"मग रं?"

"मग चालू विहिरीवरनंच अंदाज. रोज किती तेल आलं, येताना तोंडाशी दाब किती राहिला, हे महिनोन् महिने मांडायचं. रेघ कशी उतरतीय बघितलं, की खाली पोटात किती जोर उरलाय ते कळतं."

"ह्यात कसली आलीय इंजिनिअरकी? तुझा बाप पायपाच्या धारेकडं बघून सांगायचा, झरा किती दमलाय. सकाळी धार मनगटाएवढी, दुपारी करंगळीएवढी. शहाणा माणूस असला तर मोटार थांबवतो."

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. शैलेंद्रने मशिन बाजूला ठेवलं.

"तू आलीस तेव्हा तुझ्या भाकऱ्यांना ज्वारीच्या पिठाची पिशवी आठ दिवस पुरायची, आई. मग बारा. ही पिशवी आणून बावीस दिवस झाले. बकाल्यातला वाणी बदरुद्दीनसुद्धा काल विचारत होता, 'आटा नहीं ले जाते, उम्मा ठीक है ना?'"

"तुम्हीच खाईना झालाय! तुझ्या बायकोला डायट पायजे—"

"आणि शिव्या," तो हळूच म्हणाला. "पूर्वी दिवसभर पुरायच्या. आता दुपारनंतर येत नाहीत."

हौसाबाईंच्या जिभेवर चांगली ठेवणीतली शिवी आली होती. पण ती लांबलचक होती, मध्येच दम लागला.

"मेल्या," एवढंच निघालं.

रविवारी त्या सगळ्यांच्या आधी उठल्या आणि उरलेलं सगळं पीठ परातीत ओतलं. भाकरी थापण्याच्या आवाजानेच शैलेंद्रला जाग आली. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा टोपल्यात भाकऱ्यांची चवड लागली होती.

"मोज," हौसाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तेरा हायत. तव्यावरची चौदावी. मांड तुझ्या हिशेबात."

शैलेंद्रने भाकऱ्या मोजल्या नाहीत. तो ओट्याशी ओढून घेतलेल्या जेवणाच्या खुर्चीकडे बघत होता. तिच्या पाठीवर पिठाच्या बोटांचे ठसे होते, एकावर एक, दर भाकरीनंतर धरल्यासारखे.

हौसाबाईंनी वळून पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग खुर्चीकडे. पदराने ठसे पुसायला त्यांचा हात निघाला आणि मध्येच थांबला.

"बघत काय उभा राहिलास? आण तुझं डबडं." त्यांनी डावा हात पुढे केला. "पर बंद पडणार न्हाय मी. चालूवरच घे."

"हात हलला की आकडा चुकतो, आई."

"चुकू दे. अंदाज लाव. त्याचाच पगार घेतोस न्हवं?"

पट्टा दंडाला आवळला. उजव्या हाताने त्यांनी भाकरी तव्यावरून जाळावर सरकवली. मशिन घुरघुरलं, थांबलं. शैलेंद्रने आकडा वाचला. मग खुर्ची त्याने त्यांच्या गुडघ्यामागे आणून ठेवली. हौसाबाई बसल्या.

बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "तिकीट पुढं ढकलता येतं का रं?"

"येतं."

"मग पुढं ढकल. रद्द करायचं न्हाय."

"नाही करत."

जाळावर भाकरी टम्म फुगली होती.

"काढ ती," त्या म्हणाल्या. किल्लीवर हात ठेवून त्या बसल्या होत्या, उठल्या नाहीत. "करपंल."

आणि शैलेंद्रने बोटं भाजून घेत ती चौदावी भाकरी उचलली.