आठवं पान

"माणूस जिवंत समोर बसलेलं असताना डबड्याला विचारायचं, ही कुठली पद्धत?"

मोठ्या बाईंनी हे वाक्य कुणाकडेही न बघता म्हटलं आणि हातातल्या ओल्या कोटाची बाही अशी पिळली, की तिच्यात कुणाचा तरी हात असल्यासारखं वाटावं. इस्त्रीवाला ओशाळला. त्याला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की मखमलीवर पडलेलं मेण आधी खरवडायचं की आधी गरम करायचं. तो विचारायला आला तेव्हा बाई त्याच्या उजव्या हाताला होत्या आणि सून डाव्या हाताला, संगणकाच्या पडद्यासमोर. तो डावीकडे वळला.

"मोठ्या बाई, तुम्ही कामात होता म्हणून…"

"तीस वर्षं मी कामातच आहे. तेव्हा बरं विचारायचास."

सुनेने पडद्यावरच्या चौकटीत दोन ओळी लिहिल्या, एक पान उघडलं आणि इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं. आधी बर्फ लावून मेण कडक करायचं, मग बोथट सुरीने उचलायचं. शब्द बाईंचे होते. आवाज सुनेचा होता. हेच बाईंना सहन होत नव्हतं.

डाग काढण्याचं हे दुकान बाईंनी एका टबापासून उभं केलं होतं. शाळेत त्या जेमतेम तिसरीपर्यंत गेल्या, पण कपडा नाकाशी धरला की डाग कशाचा आणि किती दिवसांचा ते सांगत. मग मुलाचं लग्न झालं आणि ग्रंथालयात याद्या करण्याची नोकरी सोडून सून दुकानात आली. वहीत लिहिलेलं सापडत नाही, असं म्हणाली, आणि दुकानाची विकी, म्हणजे संगणकातली शोधता येणारी वही, सुरू केली. एका डागाला एक पान. प्रत्येक पानावर खुणा: कापड कोणतं, डाग कशाचा, ताजा की जुना. त्या खुणांवर प्रश्न लिहिला, की शेकडो पानांतून हवी तेवढीच पानं खाली पडत. सून त्याला क्वेरी म्हणे. बाई चाळणी म्हणत. चाळणीचं त्यांना नवल नव्हतं, पण धान्य आपलं आणि चाळणी दुसरीच्या हातात, हे काही बरं नव्हतं.

सुरुवातीला त्यांनी हौसेने सांगितलं. रोज दुपारी सून विचारत होती आणि त्या पाय पसरून, तोऱ्यात सांगत होत्या. मग एके दिवशी इस्त्रीवाला पहिल्यांदा त्यांना ओलांडून पडद्याकडे गेला. त्या दुपारपासून बाईंनी मधूनमधून खोटं सांगायला सुरुवात केली. फार नाही. सात वेळा. मोजून.

त्याला सहा महिने झाले होते. बाई वाट बघत होत्या. कधी तरी एखादं खोटं पान बाहेर पडेल, सून कपड्याला हात लावणार एवढ्यात आपण उठून म्हणायचं, थांब. मग सगळ्यांना कळेल, दुकान कुणाच्या डोक्यावर चालतं ते.

तो दिवस आज उजाडला, असं त्यांना साडेअकरा वाजता वाटलं. एक व्हायोलिनवाली आली. तिने मोतिया रंगाचा रेशमी झगा टेबलावर पसरला. छातीवर तळहाताएवढा तेलाचा डाग होता.

"उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे. हा माझ्या आईचा झगा आहे. दुसरा आणता येणार नाही."

रेशीम आणि तेल. तेलासाठी त्यांनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात धुण्याचा सोडा. कोणत्या कापडाला, असं सुनेने विचारलं तेव्हा म्हटलं होतं, कोणत्याही. सोड्यात गेलं की रेशीम कायमचं मरतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

त्या उठल्या आणि सुनेच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. थांब हा शब्द ओठांवर तयार होता.

सुनेने ओळी लिहिल्या. कळ दाबली. दोन पानं आली. पहिलं, खडूची पूड आणि टिपकागद, वर वजन. दुसरं, जुनाट डागासाठीचं. दोन्ही खरी. सोड्याचं पान नव्हतं.

"उद्या दुपारी घेऊन जा," सून म्हणाली. "पाणी लावायचंच नाही याला."

"किती हुशार आहात हो तुम्ही," व्हायोलिनवाली म्हणाली आणि सुनेचा हात हातात घेतला. मागे उभ्या असलेल्या म्हातारीला तिने टोपलीसारखं वळसा घालून दार गाठलं.

सून झगा घेऊन आत गेली. बाई तिथेच राहिल्या. चौकटीतल्या ओळी अजून पडद्यावर होत्या. बाईंनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं.

कापड: रेशीम.

डाग: तेल.

तिसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली. खूण: आईंना पुन्हा विचारायचं. नको.

त्या खुर्चीवर बसल्या. सहा महिने त्यांनी या मुलीची बोटं पाहिली होती. खोडायची कळ कोणती ते माहीत होतं. शेवटचा शब्द खोडला आणि त्या जागी लिहायला घेतलं, हवी. ह सापडायला वेळ लागला. कळ दाबली. एक पान आलं, सोड्याचं. बाकीची कुठे गेली, बाई विचारात पडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, भोकं अजून बारीक आहेत. त्यांनी वरच्या दोन्ही ओळी पुसून टाकल्या आणि पुन्हा कळ दाबली.

आठ पानं.

प्रत्येकाखाली सुनेने काहीतरी लिहिलं होतं. रेशमावर सोडा: चिंधीवर करून पाहिलं, चमक गेली. लोकरीला उकळतं पाणी: चिंधी आक्रसून निम्मी झाली. गंजावर ब्लीच: डाग उलट पक्का बसला. तारखा सहा महिन्यांपूर्वीच्या. तेव्हा सून मागच्या मोरीत वाट्या मांडून बसायची आणि बाई येता जाता म्हणायच्या, भातुकली संपली असेल तर कामाला लागा.

मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो जेवताना बोललाच असता, त्याच्या तोंडात काही राहत नाही. इस्त्रीवाल्यालाही माहीत नव्हतं. सहा महिने या मुलीने हे आठ खडे बाजूला काढून ठेवले होते आणि त्यांच्या ताटात वाढताना चेहरा साधा ठेवला होता. बाईंना राग आला. असा चेहरा त्यांना स्वतःला कधी जमला नव्हता.

मग त्यांनी पुन्हा मोजलं. आठ. खोटं सात वेळा सांगितलं होतं. हिशेबात त्या चुकत नसत.

आठवं पान उघडलं. कापडावर रक्ताचा ताजा ठिपका: ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लावायची. खाली लिहिलं होतं, करून पाहिलं नाही. आईंनी बहुतेक चेष्टा केली असावी. कसं विचारू कळत नाही.

मागे पावलं वाजली. सून दारात उभी होती, कोपरापर्यंत हात खडूने पांढरे. तिने पडदा पाहिला, खुर्ची पाहिली, चौकटीतली एकुलती ओळ पाहिली.

"आई, मी विचारणार होते तुम्हाला. पण…"

"पण काय?"

"तुम्ही, असं मी सांगितलंच नव्हतं, म्हणाला असतात तर दोघींनाही अवघड झालं असतं."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि कान टवकारले. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो लगेच बाहीकडे वळला. त्या उठल्या नाहीत. पदराने कळा पुसल्या, जिथे जिथे आपलं ओलं बोट लागलं होतं तिथे, सावकाश.

"सात ठिकाणी मी तुला खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज काही खाली केला नाही, इस्त्रीवाल्याला ऐकू जायचं ते जाऊ दे. "ते तू पकडलंस. आठव्या ठिकाणी खरं सांगितलं, ते काही तुला ओळखता आलं नाही. अजून कच्चीच आहेस तू. हात धुऊन ये आणि दुसरी खुर्ची आण, ही माझी आहे."